‘लायक’ या शब्दाचं ओझं

घरी पाहुणे आले होते. माझी धाकटी बहीण तेव्हा सहा वर्षांची होती. तिला नीट ऐकू येत नाही हे कळून दोनेक वर्षं झाली होती आणि कानाचं मशीन लावूनही बोलणं तिच्यापर्यंत तुटक तुटकच पोचायचं. नात्यातले एक काका, मनाने वाईट नव्हते, तिच्याकडे बघत म्हणाले, “माणसांत जन्मली म्हणून निभावलं. प्राण्यांत अशी पिल्लं राहत नाहीत.” मी चौदा वर्षांची होते. शाळेत त्याच महिन्यात उत्क्रांतीचा धडा झाला होता. मोठ्यांच्या बोलण्यात आपल्यालाही काही सांगता येतंय या उत्साहात मी म्हणाले, “हो, सर्व्हायव्हल ऑफ द फिटेस्ट. जे लायक असतात तेच जगतात. डार्विनने सिद्ध केलंय.”

कुणी मला गप्प केलं नाही. काकांनी मान डोलावली. आई उठून आत गेली.

माझं ते वाक्य किती बाजूंनी चुकलेलं होतं हे कळायला पुढची कितीतरी वर्षं गेली. तेच वाक्य मग मला सगळीकडे ऐकू यायला लागलं. सरकारने गरिबांवर पैसे उधळू नयेत असं सांगणाऱ्या भाषणात, निर्वासितांना आत घेऊ नका म्हणणाऱ्यांच्या घोषणांत, साथ आली की ‘जे कमजोर आहेत ते जाणारच’ असं सहज बोलून जाणाऱ्यांच्या तोंडी. दर वेळी मला आई उठून आत जाताना दिसते.

मुळात ते शब्द डार्विनचे नाहीत. ते हर्बर्ट स्पेन्सर या इंग्रज विचारवंताचे, 1864 सालचे. डार्विनचा ग्रंथ 1859 च्या नोव्हेंबरात आला आणि त्याच्या पहिल्या चार आवृत्त्यांत हे शब्द नाहीत. डार्विनइतकाच या सिद्धान्ताचा मानकरी असलेल्या आल्फ्रेड रसेल वॉलेसला ‘नैसर्गिक निवड’ हा शब्दप्रयोग खटकायचा. निवड म्हटलं की निवडणारा कुणीतरी बसलाय असं वाचकाला वाटतं, अशी त्याची तक्रार होती. 1866 मध्ये त्याने डार्विनला पत्र लिहून स्पेन्सरचे शब्द सुचवले आणि 1869 च्या पाचव्या आवृत्तीत डार्विनने ते घेतले. एक गैरसमज टाळायला आणलेल्या शब्दांनी त्याहून कितीतरी मोठा गैरसमज घरात घेतला.

यातली एक तारीख मला फार महत्त्वाची वाटते. गरिबांना सरकारने मदत करू नये, निसर्गाला त्याचं काम करू द्यावं, हे मत स्पेन्सरने 1851 मध्येच छापलं होतं. डार्विनच्या ग्रंथाच्या आठ वर्षं आधी! म्हणजे जीवशास्त्रातून राजकारण निघालं असं झालंच नाही. राजकारण आधीच तयार होतं, त्याला शिक्का हवा होता आणि तो नंतर मिळाला. डार्विनने स्वतःही 1838 मध्ये माल्थसचा लोकसंख्येवरचा निबंध वाचून त्यातून, खाणारी तोंडं अन्नापेक्षा वेगाने वाढतात आणि मग जगण्यासाठी झगडा होतो, ही कल्पना उचलली होती, हे खरं आहे. एंगेल्सने 1875 मध्ये एका पत्रात नेमकं यावरच बोट ठेवलं: माणसांच्या बाजारातली स्पर्धा आधी निसर्गात नेऊन ठेवायची, मग तीच तिथून परत आणायची आणि हा बघा निसर्गाचा सनातन नियम म्हणून सांगायचं.

आता ‘फिट’ या शब्दाकडे येते, कारण माझ्या तोंडून ‘लायक’ निघाला होता तो इथेच. कपडा अंगाला बसतो, किल्ली कुलपाला लागते, तसं बसणं, जुळणं, हा त्या इंग्रजी शब्दाचा जुना अर्थ. एकटी किल्ली ‘फिट’ असूच शकत नाही. कोणत्या कुलपाला, हे विचारावंच लागतं. मराठीत आपण त्याचं ‘लायक’ केलं आणि सगळं बदललं. लायकी ही माणसाच्या अंगची गोष्ट. लायकी काढतात, लायकी दाखवून देतात, आणि ‘ना’ जोडला की ती शिवी होते. याहून पुढे जाऊन कित्येक जण डार्विनचा सिद्धान्त ‘बळी तो कान पिळी’ या म्हणीत गुंडाळून टाकतात. ही म्हण मी किती वेळा मनात घोळवली असेल. याच भाषेत बळी म्हणजे बलवान, आणि ज्याचा जीव घेतला जातो तोही बळीच.

जीवशास्त्रातली ‘फिटनेस’ म्हणजे शक्ती नाही, बुद्धी नाही, गुणवत्ताही नाही. अमुक परिस्थितीत अमुक वारसागत गुण असलेल्या जिवांची सरासरी किती संतती मागे राहते, याचा तो हिशेब आहे. परिस्थिती बदलली की हिशेब बदलतो. डार्विनच्याच ग्रंथातलं एक उदाहरण मला फार आवडतं. अटलांटिकमधल्या मदेरा बेटांवर वोलास्टन नावाच्या निसर्ग-अभ्यासकाने भुंगेऱ्यांच्या जाती मोजल्या होत्या. 550 जातींपैकी 200 जातींचे पंख इतके खुरटलेले होते की त्यांना उडताच येत नव्हतं. डार्विनने त्याचं कारण असं लावलं, की बेटावर वारा जोराचा. जे भुंगेरे उत्तम उडायचे ते वाऱ्याबरोबर समुद्रात जाऊन पडायचे. ज्यांचे पंख थोडे अधू होते किंवा ज्यांना उडायचा आळस होता ते जमिनीवर राहिले, त्यांना पिल्लं झाली. पिढ्यान् पिढ्या हेच. त्या बेटावर अधू पंख हीच ‘फिटनेस’ होती.

चौदाव्या वर्षी मला कुणी हे भुंगेरे दाखवले असते तर!

आपल्या शब्दांनी आणखी एक गोंधळ केला आहे. ‘उत्क्रांती’ या शब्दात ‘उत्’ आहे, म्हणजे वर. वर वर जाणं. एक जिना आहे, खालच्या पायरीवर अमीबा, मधे कुठेतरी माकड आणि सगळ्यात वर माणूस, असं चित्र तो शब्दच डोळ्यांसमोर उभं करतो. डार्विनने आपल्या कल्पनेला दिलेलं नाव नेमकं उलट्या दिशेचं होतं: बदल होत होत वंशातून उतरत येणं. त्याच्या 1859 च्या ग्रंथात चित्र एकच आहे आणि ते जिन्याचं नाही, फाटे फुटत जाणाऱ्या फांद्यांचं आहे. दुसऱ्या एका लेखकाच्या ग्रंथाच्या समासात त्याने स्वतःला बजावून ठेवलं होतं, की ‘वरचा’ आणि ‘खालचा’ हे शब्द कधीही वापरायचे नाहीत. तो स्वतः ते नेहमी पाळू शकला नाही, पण धोका कुठे आहे हे त्याला कळलं होतं. माणूस आजच्या माकडापासून झालेला नाही. माणूस आणि चिंपांझी यांचे पूर्वज सुमारे 60 ते 70 लाख वर्षांपूर्वी एकच होते, पुढे वाटा वेगळ्या झाल्या. 2018 मध्ये आपल्या एका केंद्रीय राज्यमंत्र्यांनी, माकडाचा माणूस होताना कुणी पाहिलेलं नाही म्हणून डार्विन चूक, असं जाहीरपणे म्हटलं. त्यांच्या मनात तो जिनाच होता. आणि अमुक वंश तमुक वंशाहून वरचा आहे असं म्हणणाऱ्याच्याही मनात तोच जिना असतो. एक जण सिद्धान्त नाकारतो, दुसरा त्याचा झेंडा करतो, पण दोघांनी पाहिलेलं चित्र एकच आणि ते चुकीचं.

1883 हे साल माझ्या वहीत दोनदा लिहिलेलं आहे. त्या वर्षी डार्विनचा आतेभाऊ-मामेभावांच्या नात्यातला फ्रान्सिस गाल्टन याने ‘युजेनिक्स’ हा शब्द घडवला. आपण त्याला सुप्रजननशास्त्र म्हणतो. चांगल्या वाणाच्या माणसांची संतती वाढवायची, वाईट वाणाची रोखायची. त्याच वर्षी टेलिफोनवाल्या अलेक्झांडर ग्रॅहम बेलने अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीपुढे एक प्रबंध वाचला. कर्णबधिर माणसं कर्णबधिरांशीच लग्नं करत राहिली तर मानवजातीत एक बधिर वाण तयार होईल, असं त्याचं म्हणणं होतं, आणि अशी लग्नं होऊ नयेत यासाठी काय करता येईल याचा विचार त्यात होता. बेलची आई बहिरी होती, बायकोही बहिरी होती. त्यांच्यावर त्याचं प्रेम होतं, यात मला शंका नाही. म्हणूनच तो प्रबंध मला जास्त त्रास देतो. काकाही मनाने वाईट नव्हते.

पुढचं वेगाने घडलं. 1907 मध्ये अमेरिकेतल्या इंडियाना राज्याने ‘अयोग्य’ माणसांच्या सक्तीच्या नसबंदीचा कायदा केला, मग एकामागून एक राज्यं. 1927 मध्ये कॅरी बक या तरुण मुलीचं प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं. तिची आई मतिमंद, ती मतिमंद आणि तिची तान्ही मुलगीही मतिमंद, असा सरकारपक्षाचा दावा होता. तान्ह्या मुलीविषयीचा पुरावा काय? एका समाजसेविकेने सात-आठ महिन्यांच्या बाळाकडे पाहून, ते काही अगदी नेहमीसारखं दिसत नाही, असं सांगितलं होतं. न्यायमूर्ती होम्स यांनी निकालात लिहिलं, मूढांच्या तीन पिढ्या पुरे झाल्या. आठ विरुद्ध एक. कॅरीवर शस्त्रक्रिया झाली. ती तान्ही मुलगी, व्हिव्हियन, पुढे शाळेत गेली, एका सत्रात गुणवंतांच्या यादीतही आली, आणि आठव्या वर्षी आजारपणात गेली. अमेरिकेत अशा 60,000 हून अधिक शस्त्रक्रिया झाल्या.

14 जुलै 1933 रोजी जर्मनीत कायदा झाला. कुणाकुणाची नसबंदी करायची याची यादी त्यात होती. वंशपरंपरागत अंधत्वाच्या पाठोपाठ वंशपरंपरागत बहिरेपण आहे. मी ती यादी पहिल्यांदा वाचली तेव्हा पुढचं वाचायला मला दुसरा दिवस लागला. त्या कायद्याखाली सुमारे 4 लाख माणसांची नसबंदी झाली, त्यात हजारो कर्णबधिर. मग नसबंदीवर थांबायची गरज वाटेनाशी झाली.

याच काळातली एक गोष्ट मराठी वाचकाने तरी विसरू नये. 1920 च्या दशकाच्या अखेरीस इरावती कर्वे बर्लिनमध्ये शिकत होत्या. मानववंशशास्त्र, मानवी आनुवंशिकता आणि सुप्रजनन यांची ती संस्था 1927 मध्ये सुरू झाली होती आणि तिचा प्रमुख ऑयगेन फिशर हाच त्यांचा मार्गदर्शक होता. हीच संस्था पुढे नाझींच्या वंशविचाराचा आधार बनली आणि 1940 च्या दशकात तिथे आउशवित्झमधून माणसांचे अवयव अभ्यासासाठी येत होते. इरावतीबाईंना काम मिळालं ते कवट्या मोजण्याचं: कवटीच्या डाव्या-उजव्या बाजूंतला फरक वंशानुसार बदलतो का, हे पाहायचं. फिशरला काय उत्तर आवडेल हे उघड होतं. बाईंनी 149 कवट्या मोजल्या आणि वंशाचा त्या फरकाशी काही संबंध दिसत नाही, असं लिहून दिलं. परक्या देशातली एक तरुण मुलगी, समोर तिच्या पदवीचा मालक, आणि हातात मोजपट्टी. मोजपट्टीने जे सांगितलं तेच तिने कागदावर उतरवलं. मला या प्रसंगात विज्ञानाचा जो चेहरा दिसतो तो शाळेतल्या कुठल्या धड्यात दिसला नव्हता.

आणि आपल्याकडे? रक्ताची शुद्धता राखण्यासाठी जातिव्यवस्था आहे, ती एक प्रकारचं सुप्रजननशास्त्रच आहे, असं सांगणारे विद्वान तेव्हा होते. डॉ. आंबेडकरांनी 1936 मध्ये या दाव्याची एकेक विट काढली. त्यातला एक प्रश्न इतका साधा आहे की त्याला उत्तर नाही: विवाहबंदीचं समर्थन एक वेळ रक्ताच्या नावाने कराल, पण सहभोजनाला बंदी का? एका पंक्तीत जेवल्याने रक्त बाटत नाही. मग त्यांनी सरळ सांगितलं, की जात म्हणजे वरच्या स्थानावर बसलेल्यांचा गर्व आणि स्वार्थ आहे, त्यात विज्ञान नाही.

हा सगळा दोष उजव्या बाजूच्या राजकारणाचा, असं म्हणून मोकळं व्हायचा मोह मलाही झाला होता. तो सोव्हिएत रशियाने मोडला. तिथे सरकारच्या मर्जीतला शेतीतज्ज्ञ ट्रोफिम लायसेन्को याला एकाच जातीतल्या जिवांमधली स्पर्धा मान्यच नव्हती. गहू गव्हाशी भांडत नाही, रोपं रोपांना मदत करतात, म्हणून दाट लावा. आनुवंशिकताशास्त्र भांडवलशाहीचं म्हणून त्याज्य ठरलं आणि ऑगस्ट 1948 च्या अधिवेशनात त्यावर अधिकृत शिक्कामोर्तब झालं. निकोलाय वाविलोव्हने जगभर फिरून पिकांच्या बियांचा प्रचंड संग्रह केला होता. त्याला 1940 मध्ये पकडलं आणि जानेवारी 1943 मध्ये तो सारातोव्हच्या तुरुंगात मेला. त्याच सुमारास वेढ्यात अडकलेल्या लेनिनग्राडमध्ये त्याचे सहकारी त्या बिया राखत उपाशी मेले. समोर तांदूळ होता, शेंगदाणे होते, पण त्यांनी खाल्ले नाहीत. स्पर्धा हवी असलेल्यांना निसर्गात फक्त स्पर्धा दिसली, सहकार हवा असलेल्यांना फक्त सहकार. निसर्गात दोन्ही आहेत आणि त्यातलं काहीही आपल्यासाठी कायदा म्हणून लिहिलेलं नाही.

मग धडाच काढून टाकावा का? 1925 मध्ये अमेरिकेतल्या डेटन गावी उत्क्रांती शिकवल्याबद्दल एका शिक्षकावर खटला झाला. त्यात विल्यम जेनिंग्ज ब्रायन हे राजकीय नेते सिद्धान्ताविरुद्ध उभे राहिले म्हणून त्यांना अडाणी ठरवण्यात आलं. पण हा माणूस आयुष्यभर गरीब शेतकरी-कामगारांच्या बाजूने बोलला होता, आणि बलवानांनी दुबळ्यांना चिरडायला हा सिद्धान्त कारण म्हणून वापरला जातोय ही त्यांची भीती खोटी नव्हती. ज्या पाठ्यपुस्तकावरून तो खटला झाला त्यातच गोऱ्या वंशाला सर्वांत वरचं स्थान दिलेलं होतं आणि सुप्रजननाचा पुरस्कार होता. ब्रायन यांना आग दिसली, पण तिच्यावर त्यांनी शोधलेला उपाय मला पटत नाही. 2023 मध्ये आपल्याकडे एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग वगळला गेला. 1,800 हून अधिक वैज्ञानिक आणि शिक्षकांनी त्याविरुद्ध पत्र लिहिलं, ते मी वाचलं तेव्हा माझ्या मनात एकच विचार होता. धडा गेला तरी ते वाक्य जाणार नाही. ते भाषणांत आहे, घराघरात आहे. त्याला उत्तर देणारे भुंगेरे मात्र निघून जातील.

डार्विनला मी देव्हाऱ्यात बसवत नाही. 1871 च्या ग्रंथात, सुधारलेल्या समाजात दुर्बलांचीही संतती वाढते आणि त्याने वंशाचं नुकसान होतं, असं त्याने लिहिलं आहे. ‘रानटी’ जमाती नष्ट होतील असंही. ती पानं वाचताना लाज वाटते. पण त्याच ठिकाणी पुढे तो म्हणतो, की कठोर तर्काने कितीही आग्रह केला तरी आपण करुणा आवरू शकत नाही, आवरली तर आपल्यातला सर्वांत चांगला भाग खराब होईल. 

हे लिहिणाऱ्या माणसाचं एक मूल होतं, चार्ल्स वेअरिंग. डिसेंबर 1856 मधला जन्म. त्याला चालायला, बोलायला उशीर होत होता. बाप त्याला मांडीवर घेऊन बसायचा. जून 1858 मध्ये वॉलेसचं ते प्रसिद्ध पत्र आलं, ज्यात डार्विनची वीस वर्षांची कल्पना दुसऱ्याच माणसाच्या अक्षरात लिहिलेली होती. त्यानंतर थोड्याच दिवसांत, 28 जूनला, ते मूल स्कार्लेट फीव्हरने गेलं. 1 जुलैला लंडनच्या लिनियन सोसायटीत दोघांचे लेख वाचले गेले, नैसर्गिक निवडीचा सिद्धान्त पहिल्यांदा जगासमोर आला, आणि डार्विन तिथे नव्हता. त्याने त्या मुलावर एक छोटंसं टिपण लिहून ठेवलं आहे. त्यात मुलाच्या गोड स्वभावाबद्दल, त्याच्या हसण्याबद्दल लिहिलं आहे. लायकीबद्दल काही नाही.

काकांच्या वाक्याला माझ्याकडे एक तयार उत्तर आहे. इराकमधल्या शानिदार गुहेत 1957 मध्ये एका निअँडरथल पुरुषाचा, म्हणजे आता नामशेष झालेल्या एका मानवजातीतल्या माणसाचा, सांगाडा सापडला. चाळीस हजारांहून जास्त वर्षांपूर्वीचा. एक डोळा बहुधा गेलेला, लहानपणीच की वयात आल्यावर ते सांगता येत नाही, पण चेहऱ्याच्या त्या बाजूला जबर मार होता. उजवा हात कोपरापासून नव्हता. कानाच्या नळ्यांत हाड इतकं वाढलेलं, की अभ्यासकांच्या मते त्याला ऐकू येत नसावं. तरी तो चाळिशीपर्यंत जगला. सभोवती श्वापदं असताना, एकट्याने हे शक्य नव्हतं. “बघा काका, अशी पिल्लं राहतात,” असं म्हणायचा मोह मला कित्येकदा झाला.

पण हेही उत्तर मी देणार नाही. कारण उद्या दुसरा एखादा सांगाडा सापडेल, टोळीने मागे टाकून दिलेला. मग माझ्या बहिणीचा हक्क कमी होणार का? निसर्गात काय घडतं हे विज्ञानाने सांगावं. एकमेकांशी कसं वागायचं हे आपल्यालाच बसून ठरवावं लागेल, आणि त्याची जबाबदारी कुठल्याही गुहेवर ढकलता येणार नाही. म्हणूनच बहीण आज काय करते, किती शिकली, किती कमावते, यातलं काहीही मी इथे लिहीत नाही. ते लिहिलं की तिने जगण्यासाठी पुरेसा पुरावा दिला असा अर्थ होईल.

हा लेख अर्धा झाल्यावर मी तिला वाचायला दिला. तिने पहिला परिच्छेद वाचला आणि कागद खाली ठेवला.

“ताई, मला ते दुपारचं आठवतं,” ती म्हणाली. “तू काहीतरी बोललीस आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले. आई आत गेली. तू काय म्हणालीस ते मला दिसलं नव्हतं, तू पाठमोरी होतीस.”

मी खुर्ची ओढून तिच्यासमोर बसले. खिडकीचा उजेड माझ्या तोंडावर येईल अशी. आणि ओठ नीट दिसतील इतक्या सावकाश ते वाक्य पुन्हा म्हणाले.